कपाटामागची भिंत

वडील गेल्यापासून तिनं त्यांच्या लाडक्या पुस्तकांच्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. आज दुपारी धीर करून ती आत शिरली.

मागच्या कपाटातली पुस्तकं ती चाळत होती, तेवढ्यात पलीकडे कुणीतरी पान उलटलं. मग हलकेच खाकरलं. मग पुन्हा पान.

"काका, कपाटामागे कोण वाचत बसलंय?" तिनं विचारलं.

दुकानदारांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मागे कुठली आलीय जागा, बाळ? भिंत आहे नुसती."

तिनं दोन जाड पुस्तकं बाहेर काढली. फटीत खरंच भिंत होती, ओल आलेली, कोरी. भासच झाला असणार, असं वाटून तिच्या जिवात जीव आला. पुस्तकं परत जागेवर ठेवायला तिनं हात उचलला.

"राहू दे गं तशीच," भिंतीतून बाबांचा आवाज आला, "जरा उजेड येतोय."