ठेवलेला गोटा

गोपीचंदने अडीच मणाच्या गोट्याला मिठी घातली, तशी केशोरीच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या त्या गावजत्रेत, गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "खाट आणून ठेवा गा इथंच!"

लोक खो खो हसले. हसणारच. मागच्या मंडईला त्याने हाच गोटा खांद्यावर घेतला होता आणि रीतीप्रमाणे मागे फेकताना कंबरेत अशी कळ निघाली, की गड्याला बैलगाडीत निजवून घरी न्यावं लागलं. चार महिने खाटेवर. धानाची मळणी भावाने उरकली. कंबर पुन्हा गेली, तर यंदाचं धानही दुसऱ्याच्याच हातून घरी येणार होतं. बायको सुभद्राने तर निक्षून सांगितलं होतं, की पुन्हा पडलास तर मी माहेरी जाईन. आणि बाई आज सगळ्यांच्या पुढे उभी!

खाटेवरून उठल्यावर गोपीचंद तालमीत गेला नाही. देवचंदकाका तलावाची पाळ बांधत होता, त्याच्या हाताखाली दगड वाहू लागला. पहिल्या दिवशी काकाने दिलेला दगड लाज वाटावी एवढा लहान होता. तोही त्याने सवयीने धपकन टाकला. काका खवळला.

"फेकून काऊन राहिलास? पाळ हालते ना! उचलाले कोणीबी उचलते. बसवता आला पाह्यजे."

मग पाय रोवून, गुडघ्यात वाकून, दगड पोटाशी धरून टेकवायला तो शिकला. दगड महिन्यागणिक मोठे होत गेले. कंबर कुरकुरली, की काका दोन दिवस नुसती माती टाकायला लावायचा. गोपीचंद मुकाट ऐकायचा. हे त्याला आधी कधी जमलं नव्हतं.

आता गोटा गुडघ्यावर आला, मग छातीवर. तिथे त्याने दम घेतला आणि एका हिसक्यात गोटा खांद्यावर चढवला.

"फेक! फेक गा!"

गोटा धाडकन आपटला की ढोल वाजायचा आणि गडी जिंकला असं ठरायचं. गोपीचंदने फेकला नाही. गोटा छातीवर उतरवला, गुडघ्यावर टेकवला आणि निजलेलं पोर ठेवावं तसा जमिनीवर ठेवला. ढोलवाल्याचा हात वरच राहिला.

पंच म्हणून बसलेले केशोराव मालगुजार गोंधळले. "आवाज नाई आला बा. हे धराचं का नाई?"

"मागच्या साली लय आवाज आला होता, मालक. गोट्याचा बी अना माहा बी."

पुन्हा हशा उठला. या खेपेला तो गोपीचंदच्या बाजूने होता. मालगुजार मात्र हसले नाहीत. "रीत म्हणजे रीत. फेकल्याबिगर आजवर कोणी जिंकला नाई."

सकाळपासून चौघांनी गोटा फेकला होता. चौघंही बोरीखाली कंबर धरून बसले होते. गोपीचंदने त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"त्याइले इचारा, पुन्हा उचलता का म्हनून." धोतराला हात पुसून तो गोट्यापाशी उकिडवा बसला. "तुमचं ठरते तवरी मी आणखी एकदा उचलून ठेवतो."