नंबर दिला नाही तर

तीन नंबरचा दरवाजा एक फूट उचलायचा होता. धरणाच्या नियंत्रण कक्षात धुमाळकाकांनी संगणकावर ‘उघड’ एवढंच टाइप केलं आणि एंटर दाबलं.

मागे उभ्या केतकीनं चहाचा कप खाली ठेवला. प्रोग्राम तिचाच होता. ‘उघड’च्या पुढे दरवाज्याचा नंबर द्यायचा, तो ऐच्छिक, नाही दिला तर सगळे दरवाजे. तेवढंच टायपिंग वाचेल, असं तिनं मोठ्या कौतुकानं सगळ्यांना सांगितलं होतं. काका त्या दिवशी रजेवर होते.

पडद्यावर ओळ उमटली: दरवाजे १ ते ६ उघडण्याचा आदेश दिला.

तिनं खिडकीतून खाली पाहिलं. घाटावर बायका गोधड्या धूत होत्या. एका दरवाज्याचं पाणी त्यांच्या पायरीखालून गेलं असतं. सहांचं नाही.

“काका, थांबवा! सगळे उघडतील!”

काका जागचे हलले नाहीत. त्यांनी मूठ उघडली. दरवाज्यांच्या मोटारी चालू करायची किल्ली अजून हातातच होती.

“मॅडम, तीस वर्षं फोनवर हेच केलंय. मी म्हणायचं ‘उघड’. दरवाज्यावरचा माणूस विचारणार, ‘कितवा?’ मी नंबर सांगायचा, तो परत म्हणून दाखवणार, मगच मी किल्ली फिरवणार. तुमच्या मशीननं विचारलंच नाही.”

खालून गोधडी आपटल्याचा आवाज येत होता.

“न विचारता सगळेच उघडायचे, हे ठरवलं कुणी?”

केतकीनं कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

“मी.”