बेंदराची पुरणपोळी

टाकीत ढवळ्या उताणा तरंगत होता, पोट लिंबाएवढं फुगलेलं. गुलाबी कल्ल्यांचा हा पांढरा ॲक्सोलॉटल, तुटलेला अवयव पुन्हा उगवणारा पाण्यातला सरड्यासारखा जीव, अवयव-रोपण केंद्रानं दिला होता. शिवाप्पाची यंत्रमागात तुटलेली चार बोटं ढवळ्याच्या पाठीवर उगवत होती. नखंसुद्धा फुटली होती.

“काय घातलंत याला?” शिवाप्पाच्या बायकोनं, गौरवानं, त्याला विचारलं.

“पुरणपोळीचा घास. बेंदराला राबणाऱ्या बैलाला देतात. हा काय कमी राबतोय?”

“अहो, हा गांडुळं खातो. अक्कल पण मागातच गेली का?”

तिनं केंद्राला फोन लावला. “आत्ता कापलं तर दोन बोटं नक्की मिळतील,” तिथला माणूस म्हणाला. “मेल्यावर एकही नाही. गाडी पाठवतो.”

“आणि ढवळ्या?”

“तो फेकायचा.”

गौरवाचं टाळकं सरकलं. बोटं तुटली तेव्हा कारखान्याच्या मालकानंही आधी कापडाला डाग पडला का, तेच विचारलं होतं.

फुगलेल्याला गार पाण्यात उपाशी ठेवावं, असं केंद्राच्याच पुस्तिकेत होतं. तिनं फ्रिजमधलं दूध, भाज्या, पुरणाचं पातेलं फरशीवर काढलं आणि ढवळ्याला उथळ पाण्याच्या परातीत घालून आत ठेवलं.

“चारही बोटं जातील, गौरे,” शिवाप्पा म्हणाला.

“जातील. सांगा, गाडी परत पाठवू का?”

दारात गाडीचा हॉर्न वाजला. शिवाप्पा उठला, फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

“त्यांना सांग, आज बेंदूर आहे. आज याला जुंपायचं नाही.”