मागचं कपाट

सुताराच्या लेकीने तीन गुरूंचे धंद्याचे ऑनलाइन कोर्स आठवडाभर वहीत ताडून पाहिले होते. "बाबा, तिघंही लखपती करतो म्हणतात. पण हा अभ्यासू वाटतो, व्हिडिओत याच्या मागचं कपाट पुस्तकांनी खच्चून भरलंय." सुताराने चष्मा पुसून मोबाइल जवळ धरला. कपाट त्याच्याच हातचं होतं. पुस्तकं कुठली, पुस्तकांचं चित्र छापलेला कागद त्याने फळीवर चिकटवला होता. कोपऱ्यात राहिलेला हवेचा फुगासुद्धा ओळखू आला. "घाई करू नकोस," एवढंच कसंबसं तोंडातून निघालं. "कालच फी भरली, बाबा. शिलाई मशीन विकून." आता सांगून उपयोग काय, आणि सांगायचं कोणत्या तोंडाने? मशीनच्या रिकाम्या जागी लेक खुर्ची ओढून बसली. "शिकले की मीही शिकवेन. माझ्यामागे अस्संच कपाट कराल ना?" सुतार भिंत मोजू लागला.