तिसरं सिलिंडर

मेकॅनिकनं तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला आणि त्या भोकातून कॅमेऱ्याची वायर आत सोडली. वायर करंगळीहून बारीक, टोकाला दिवा. दुसरं टोक त्याच्या हातातल्या छोट्या पडद्याला जोडलेलं. वडील चष्मा पुसून पुढं वाकले. मुलगी त्यांच्या मागं उभी राहिली, हात त्यांच्या कोपराजवळ, पण न टेकवता.

"कमाल आहे," वडील म्हणाले. "आम्ही स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकायचो. नाहीतर मग अख्खं हेड उतरवा. आता काय, डॉक्टरसारखी नळी घातली की झालं."

"डॉक्टर निदान बेशुद्ध तरी करतात, काका. आम्ही मालकाला जागं ठेवून सगळं दाखवतो."

वडील मनापासून हसले. चाळीस वर्षं त्यांनी बस चालवली होती. गॅरेजमध्ये पाऊल टाकल्यापासून त्यांना तरतरी आली होती. इथं आल्यावर त्यांनी मुलीला एकदाही दुसऱ्या कुणाच्या नावानं हाक मारली नव्हती.

पडद्यावर पिस्टनचं डोकं दिसलं, काजळी धरलेलं. सिलिंडरची भिंत बघायची तर पिस्टन खाली जायला हवा होता. मेकॅनिकनं इंजिनच्या पुढच्या बोल्टला पाना लावला.

"सरक जरा," म्हणत वडिलांनी तो त्याच्या हातातून घेतला. पाना हातात येताच त्यांचे खांदे सरळ झाले. हळूहळू फिरवत गेले आणि एका जागी थांबले.

"इथं धरतंय. बघ."

मेकॅनिकनं वायर वळवली. भिंतीवर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते, नखांनी ओढल्यासारखे.

"तापलीय गाडी," वडील म्हणाले. "पाणी संपलं, काटा लाल रेषेच्या पार गेला, तरी दामटत राहिलाय कुणीतरी. पाच-दहा मिनिटं नाही, चांगला अर्धा तास. काय रे?"

"बरोबर, काका." मेकॅनिकनं पडद्यावरून नजर काढली नाही.

काल दुपारी तोच ही गाडी ओढून आणायला गेला होता. शहराबाहेर पन्नास किलोमीटरवर, एका वळणावर ती उभी होती. बॉनेटमधून वाफ निघत होती आणि वडील स्टेअरिंग धरून आत बसले होते. शाळा सुटायची वेळ झाली, मुलीला आणायला चाललोय, असं जमलेल्या लोकांना सांगत होते. मुलगी सकाळपासून त्यांना शोधत सुचेल त्याला फोन लावत होती. तिची स्वतःची लेक यंदा कॉलेजात गेली होती.

"चालवत कोण होतं?" वडिलांनी विचारलं.

मेकॅनिकनं तिच्याकडं पाहिलं.

"मी," ती म्हणाली.

"तू?" त्यांनी पाना खाली ठेवला. "काटा चढला की गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं. किती वेळा शिकवलंय तुला?"

"लक्षात नाही राहिलं, बाबा."

"लक्षात राहत नाही म्हणजे काय? डोकं कुठं असतं तुझं?"

ती फरशीवरच्या तेलाच्या डागाकडं बघत राहिली. खरं काय ते तिनं काल संध्याकाळी सांगून पाहिलं होतं. तेव्हा ते अर्धा तास तोंड झाकून रडले होते. आणि मग चहा घेता घेता त्यांनी विचारलं होतं, "आपली गाडी दिसत नाही दारात, कोण घेऊन गेलं?"

"भाजलं-बिजलं नाही ना कुठं?" वडिलांचा आवाज खाली आला. त्यांनी तिचे दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर तिनं सकाळी लावलेलं मलम अजून चकाकत होतं.

"नाही बाबा. मला काही नाही झालं."

मेकॅनिक वायर बाहेर ओढून फडक्यानं पुसायला लागला. "ताई," त्यानं हळूच विचारलं, "इंजिन उघडायचं, की राहू द्यायचं?"

"विचारतोस काय? उघड," वडील म्हणाले. "दुरुस्त होण्यासारखं आहे. मी सांगतो ना."

"दोन दिवस थांबा," ती मेकॅनिकला म्हणाली. "कळवते."

"ते तुमचं ठरवा. तू आधी किल्ली दे इकडं." वडिलांनी हात पसरला.

ती हलली नाही.

"रागानं नाही म्हणत गं. काल इंजिनावर निभावलं. उद्या कुणाचं लेकरू मध्ये आलं तर? समोरचा काटा ज्याला दिसत नाही, त्यानं गाडीला हात लावू नये. आपलं माणूस असलं म्हणून काय झालं? सांगायला नको?"

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

मेकॅनिक काहीतरी बोलायला गेला. तिनं मानेनंच त्याला नको म्हटलं आणि पर्समधून किल्ली काढून वडिलांच्या हातावर ठेवली.

त्यांनी ती शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावायला घेतलं. बटण काजात जाईना. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा ते नुसतंच चिमटीत धरून उभे राहिले.

ती पुढं झाली आणि तिनं ते लावून दिलं.