तहाचं पान

"हे पान पुढच्या आवृत्तीतून काढावे," असं तिने लिहिलं आणि अहवाल पाठवण्याआधी सवयीने आकडे एकदा परत पाहिले. तिथेच घोडं अडलं.

पत्त्यांच्या त्या खेळातल्या या पानाचं नाव तह. ते टाकलं की त्या फेरीत कुणी कुणावर वार करायचा नाही, आणि पान टाकणाऱ्याच्या हातात परत येतं. बस, एवढंच. तह हातात असलेले खेळाडू इतरांपेक्षा शंभरात चार डाव जास्त हरत होते. पाकिटात तह निघाला की मुलं तोंड वाकडं करत. अदलाबदलीत तो कुणी फुकटही घेत नसे. निकाल उघड होता. पण फोनवर साधा डाव अकरा मिनिटांत संपायचा आणि तह असलेल्या चाळीस हजार डावांची सरासरी मात्र पन्नास मिनिटं येत होती.

ऑफिसात तिला सगळे 'दशांश' म्हणत. आपलाच दशांश चुकला की काय म्हणून तिने तासभर आकडे पिंजून काढले. चूक नव्हती. एकाच डावाने सगळी सरासरी वर ओढली होती. तो तीन वर्षांपूर्वी सुरू झाला होता आणि अजून चालू होता.

दोन खेळाडू. रोज एक फेरी, दुपारी चारला. एकाचा तह, दुसऱ्याचाही तह. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यातलं एक खातं काकांचं निघालं.

काका ऑफिसातच खालच्या मजल्यावर बसत. छापायला जाण्याआधी प्रत्येक नवं पान ते वीस वर्षं खेळून बघत आले होते. ती खाली गेली तेव्हा ते चहाचं पाणी ठेवत होते.

"या दशांशबाई. आज कुणाचा गळा कापताय?"

"तहाचा," ती म्हणाली. "सहापर्यंत मोठ्या बाईंना अहवाल द्यायचाय. काका, तुमचा एक डाव सापडला."

त्यांनी साखरेचा डबा उघडला, दोन चमचे घातले आणि तिसरा घालता घालता थांबले.

"लेकीबरोबरचा आहे तो," ते म्हणाले. "घर सोडून गेली त्या दिवशी सुरू झाला. त्याआधी बरंच बोलून झालं होतं. बोलू नये तेही मी बोललो. त्यानंतर फोन नाही, पत्र नाही. हा डाव तेवढा आहे."

"आणि तह खेळातून काढला तर?"

"दुसऱ्या दिवशी कुणीतरी वार करणार. तिच्या हातात काय आहे ते मला माहितीये, तिलाही माझं माहितीये. एका फेरीत संपेल."

"नवा डाव मांडता येईल ना."

"त्यासाठी कुणीतरी आधी विचारावं लागतं, अगं."

तिने भिंतीकडे पाहिलं. घड्याळात चार वाजले होते. काकांनी बिस्किट चहात बुडवलं. त्यांचा फोन पलीकडे खिडकीत चार्जिंगला उलटा पडला होता.

"पडलं असेल आजचं पान," ते म्हणाले. "तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही."

"पण चारच का?"

"दोघांनी पान कधीही ठेवावं, उलटायचं चारला. वेळेत ठेवलं नाही तर यंत्रणा हातातलं डावीकडचं पहिलं पान आपणहून ठेवते. नियम माझाच आहे. एकाच्या आळसापायी दुसऱ्याचा डाव अडकू नये." मग हसून म्हणाले, "माझा तह कायम डावीकडे पहिला असतो. पानं लावायची एकेकाची सवय."

ती चहा संपवून निघाली. जिन्यात ती मध्येच थांबली. तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही. ताप नाही, प्रवास नाही, फोन बंद पडणं नाही. माणसाकडून एवढं काटेकोर काही होत नाही, हे तिला मोजमापांच्या अनुभवाने ठाऊक होतं. लेकीचाही तह डावीकडे पहिलाच असेल. ती कधीच खेळ सोडून गेली असेल, कदाचित या जगातच नसेल, आणि यंत्रणा रोज तिच्या जागी पान ठेवत असेल. म्हातारा रोज चारला कुणाशी खेळत होता?

पान हाताने ठेवलं की यंत्रणेने, याची नोंद वेगळ्या फाइलमध्ये होती. तिने ती मागवली. फाइल यायला साडेपाच वाजले. तोवर तिने अहवालातलं एक अक्षरही बदललं नाही. पलीकडे कुणी नसेल, तर ते काकांना सांगायचं की नाही, हेच तिला ठरवता येईना.

फाइल उघडून तिने लेकीची रांग शोधली.

हात. हात. हात.

ती खाली खाली जात राहिली. सकाळी सहा दहा, हात. दुपारी एक वाजून चार मिनिटं, हात. पहाटे तीन, हात. त्या आठवड्यात सगळी पानं पहाटेचीच होती, मग परत सकाळची. काही दिवशी चारला एक मिनिट कमी असताना, जणू ठेवू की नको असं करत शेवटी ठेवलेलं. हजारावर दिवस, एकही सुटलेला नाही. आजचं दुपारी तीन एकावन्नचं. हात.

तिने डोळे पुसले, अहवालातलं शेवटचं वाक्य खोडलं आणि लिहिलं: "हे पान ठेवावे. एका डावात त्याचा उपयोग सिद्ध झाला आहे." पुरावा म्हणून जोडायला तिने त्या डावाची दुसरी रांगही उघडली, काकांची.

पहिल्या दिवशी, हात. दुसऱ्या दिवसापासून आजच्या चारच्या पानापर्यंत, यंत्रणा.