कुलपाचा फोटो

शेठला स्वतःच्या माळावर खासगी विमान उतरवायचं होतं. नियम असा, की धावपट्टीपासून तीनशे मीटरच्या आत राहतं घर असेल तर परवानगी नाही. आणि तिथे नेमकं एकच घर होतं, माझ्या आत्याचं. पाहणीला गेलेला कारकूनही मीच. दाराला कुलूप, अंगणातली चूल थंड, आसपास चिटपाखरू नाही. मी कुलपाचा फोटो काढला, ‘घर वापरात नाही’ असा शेरा मारला आणि मोकळा झालो. जे दिसलं तेच लिहिलं, असं स्वतःला बजावत राहिलो. महिन्याभरात शेठची धावपट्टी मंजूर झाली आणि मला बढती मिळाली.

आज घर पाडण्याची नोटीस पिशवीत घालून आत्या सुनावणीला आली. मला खुर्चीत बघून तिचा जीव भांड्यात पडला. “माझा भाचाच आहे इथे, आता कसली भीती!” असं तिने दारातल्या शिपायालाही ऐकवलं.

नवीन आलेल्या साहेबांनी फोटो तिच्यापुढे सरकवला. “आजी, तुम्ही तिथे राहता म्हणता. मग पाहणीच्या दिवशी घराला कुलूप कसं?”

मी फाइलमध्ये तोंड खुपसलं.



“अहो, अकरा वर्षांत तेवढा एकच दिवस घर बंद होतं,” आत्या कौतुकाने माझ्याकडे बघत म्हणाली, “ह्यानेच गाडी पाठवून मला जेवायला बोलावलं होतं, आणि स्वतःच घरी नव्हता मेला!”